औषधाच्या रिकाम्या बाटल्या

ग्रामसेविका म्हणून माझी पहिली नेमणूक शेवगाव तालुक्यातल्या एका गावात झाली, तीही ऐन दुष्काळात. मी नगरला वाढलेली, तेवीस वर्षांची, वय जास्त दिसावं म्हणून अंबाडा घालणारी. पंचायत समितीच्या कचेरीतून मला कामांची एक छापील यादी मिळाली होती. महिला मंडळ चालवायचं, बायकांना शिवण, बिनधुराची चूल, अक्षरओळख शिकवायची, असं बरंच काही तिच्यात होतं. यादीतलं पहिलं काम होतं घरोघर परसबाग तयार करून घेण्याचं.

गावात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि माणशी दोन हंडे मिळायचे. मी आमच्या मुख्य सेविकांना विचारलं, "परसबागेला पाणी कुठून आणायचं?" त्या माझ्या वरच्या अधिकारी. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आधी वाफे तर करून घ्या. वाफ्यांना पाणी लागत नाही."

बायकांनी माझ्याकडे बघून दयेपोटी वाफे केले. त्यांत कोंबड्या अंगावर धूळ उडवत बसायच्या. मी अहवालात अठ्ठावीस परसबागा लिहिल्या.

गावाचं मोठं नाव होतं ते दारूबंदीसाठी. दहा वर्षांपूर्वी गावातल्या सगळ्या बाप्यांनी मारुतीच्या पायरीला हात लावून शपथ घेतली होती. एसटी थांबायची तिथं चुन्याने रंगवलेल्या दगडावर 'निर्व्यसनी गाव' अशी अक्षरं होती. सरपंच पाटलांच्या घरातले. उंच, स्वच्छ धोतर, मऊ बोलणं. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बाई, आपल्या गावात बिनघोर राहा. हितं बिडीसुद्धा लोक आडोशाला जाऊन ओढत्यात." तेव्हा मला ही तारीफच वाटली होती.

उन्हाळ्यात गावविहीर पार आटली आणि सरकारी दुष्काळी कामातून तिचा गाळ काढायचं ठरलं. बाप्ये खाली उतरून खणायचे, गाळाची घमेली रहाटावरून वर यायची आणि बायका रांगेने ती हातोहात लांबच्या ढिगाऱ्यावर नेऊन ओतायच्या. माझ्याकडे दुपारची सुकडी वाटायचं काम होतं. सुकडी म्हणजे पौष्टिक म्हणून सरकार पाठवायचं ती गोडसर भुकटी. मी विहिरीच्या काठावर, पोत्याला टेकून, छत्री उघडून बसायची.

त्या रांगेत पन्नाशीची एक बोहारीण होती. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची हा तिचा धंदा. पण अंगावरचंच धड राहिलं नव्हतं त्या वर्षी लोक जुने कपडे कुठून देणार? म्हणून तीही डोक्यावरची भांड्यांची पाटी उतरवून घमेली उचलायला आली होती. सगळा गाव तिला मावशी म्हणायचा, मीही म्हणायला लागले. तिचा आवाज असा की विहिरीच्या तळातल्या माणसालाही ती शेजारी उभी आहे असं वाटावं.

कामाच्या चौथ्या दिवशी गाळातून पहिली बाटली आली. मुकादमाने ती उचलली, पुसली, वास घेतला आणि म्हणाला, "इंजिनाच्या तेलाची दिसतीय."

दुसरी आली. "ही बी तेलाचीच."

दुपारपर्यंत ढिगाऱ्याशेजारी बाटल्यांचा वेगळा ढीग लागला. गावात ऑइल इंजिनं होती तीन. त्यातलं एक बंद. खाली खणणाऱ्या बाप्यांनी बाटल्या गाळात खोल दाबून घमेली भरायला सुरुवात केली, पण ढिगाऱ्यावर घमेलं पालथं झालं की काचेचा आवाज व्हायचाच. दर आवाजाला रांगेतल्या बायका एकमेकींकडे न बघता पदर सारखा करायच्या. कोणी हसलं नाही. मला आधी नवल वाटलं, मग कळलं. दहा वर्षं त्या सगळ्या ह्याच विहिरीचं पाणी भरत होत्या. घरात कुठं लपवलं तर सापडेल, बांधावर पुरलं तर खुरप्याला लागेल, म्हणून बाप्यांनी गावातली सगळ्यात खोल जागा निवडली होती. प्रत्येकाने आपापली, एकट्याने, दुसऱ्याला न कळू देता.

कोणीतरी सरपंचांना बोलावून आणलं. त्यांनी ढिगाला एक फेरी मारली.

"ह्या औषधाच्या हायेत," ते म्हणाले. "मागं साथ आली हुती गावात."

"कसली हो साथ?" मावशीने रांगेतूनच विचारलं.

"थंडीतापाची."

"आन् औषद पिऊन बाटली हिरीत टाकायची?"

"साथ पसरू नये म्हनून," सरपंच म्हणाले. इतक्या गंभीरपणे म्हणाले की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग मुकादमाला म्हणाले, "गाळासंगं गाडून टाका समद्या. काच लागंल कुनाला."

मावशीने हातातलं घमेलं खाली ठेवलं. "गाडायच्या कशापायी? नगरला ह्येला भाव हाय. मी धंद्यातली बाई, मला ठावं हाय." मग ती विहिरीकडे तोंड करून ओरडली, "ह्या बाटल्यांचा मालक कोन? ज्येच्या असतील त्येनं उद्या सांजपत्तुर घिऊन जावा! न्हाईतर बिनमालकाचा माल म्हनून महिला मंडळ इकनार हाय!"

खालून फावड्याचा आवाजसुद्धा आला नाही. सरपंच माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हननं हाय?"

माझं काहीच म्हणणं नव्हतं. मंडळाने बाटल्या विकायच्या हे मलाही आत्ताच कळत होतं. पण छापील यादी माझी पाठ होती आणि तिच्यातलं शेवटून तिसरं काम मला ऐनवेळी आठवलं. "टाकाऊ वस्तूंचा उपयोग करणे," मी म्हणाले. "सरकारच्या यादीत आहे ते, दादा."

सरकारच्या यादीपुढे सरपंचांचा इलाज नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मालक म्हणून कोणीही आलं नाही. एक जण जरी आला असता तरी आमचा बेत फिसकटला असता. पण त्यासाठी त्याला 'ही माझी' असं म्हणावं लागलं असतं. मी अहवालात लिहिलं, 'विहिरीच्या गाळात औषधाच्या रिकाम्या बाटल्या मिळाल्या. महिला मंडळामार्फत विल्हेवाट लावत आहे.'

बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. त्या दिवशी आम्ही शाळेच्या ओसरीवर बाटल्या घासायला बसलो. पाणी नव्हतंच. राख, वाळू आणि कडब्याचे बोळे. मंडळाच्या सभेला एरवी पाच-सहा बायका यायच्या, त्या दिवशी तीस आल्या. माझ्या अक्षरवर्गाला कधी न आलेल्याही आल्या. बाटल्या तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. सोड्याच्या, टिंक्चरच्या, कसल्याकसल्या काढ्यांच्या, म्हणजे मुळात औषधाच्याही पुष्कळ. हातभट्टीची दारू जुन्या बाटल्यांतूनच यायची. म्हणजे सरपंच निम्मं तरी खरं बोलले होते.

एक तरुण बाई, दोन लेकरांची आई, हातातली बाटली घासायची थांबली. बाटलीच्या तोंडात बुचाच्या जागी कापडाचा बोळा होता. तिने तो काडीने उकरून काढला, मांडीवर पसरला. चिखलाने काळा पडला होता, पण खणाची वीण आणि काठ ओळखू येत होता.

"माझ्या चोळीचा हाय," ती म्हणाली. "भाऊबीजंला माहेरून आल्ता खन. शिवून उरलेला तुकडा ठिगळाला जपून ठिवला हुता. सापडंना म्हनून सासूबाईवर आळ घेतला मी. सा महिनं बोलत नव्हतो आमी."

तिने तो तुकडा पदराच्या गाठीत बांधला आणि ती बाटली इतकी घासली की तिच्यातून शाळेची घंटा स्वच्छ दिसावी.

तेवढ्यात पाटलीणबाई आल्या. म्हणजे सरपंचांच्या बायको. त्या कधी मंडळात येत नसत. त्यांच्या घरातल्या बायकांनी चारचौघींत मांडी घालून बसायची रीत नव्हती. सगळ्या सावरून बसल्या. मला वाटलं, काम थांबवायचा निरोप घेऊन आल्या असतील. त्यांनी ओसरीवरून नजर फिरवली, पदर खोचला आणि खाली बसल्या.

"चपट्या तेवढ्या माज्याकडं द्या," त्या म्हणाल्या.

चपट्या बाटल्या म्हणजे विलायती दारूच्या. महागाच्या. त्या गावात ज्याच्याकडे दारूचं सरकारी परमिट काढण्याइतपत ओळख आणि पैसा असेल असं घर एकच होतं. बायकांनी एकेक करून चपट्या त्यांच्यापुढे सरकवल्या. चाळीसच्या वर भरल्या. त्यांनी त्या सगळ्या एकटीने घासल्या, ओळीने मांडल्या, हात झटकले आणि आल्या तशा निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "लई राख लागती, न्हाई?"

बाटल्या नगरला न्यायच्या कशा हा प्रश्न होता. गावातले बैल सगळे चारा-छावणीत. शेवटी सुकडीची पोती घेऊन येणारा ट्रक परत जाताना रिकामा जायचा, त्याच्या ड्रायव्हरला मावशीने गाठलं. गोणपाटात बाटल्या, मध्ये भुस्सा, आणि वर मी आणि मावशी. रस्त्यावर दोन ठिकाणी लोक खडी फोडत होते. आमच्या गोण्यांचा खळखळाट ऐकून माना वर करून बघायचे आणि हसायचे. एकाने ओरडून विचारलं, "भरल्याली हाय का रिकामी?" सरकारी नोकरीत मी इतकी कधी शरमले नव्हते.

भंगारवाला म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्याने गोण्या ओतून घेतल्या आणि बोटांनी चटाचट निवड सुरू केली. गोल पांढऱ्या एकीकडे, तपकिरी-हिरव्या दुसरीकडे, चपट्या तिसरीकडे.

"कुठल्या गावचा माल?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"दारूबंदीचं ना ते?"

"हो."

"तरीच," तो म्हणाला. "उघड पिणाऱ्या गावातून एवढा माल एकदम निघत नाही. तिथला रोजच्या रोज येतो."

ह्या बाटल्यांचं पुढं काय होतं, असं मी विचारलं. गोल पांढऱ्या धुऊन दवाखान्यांच्या दारात विकल्या जायच्या. तेव्हा डॉक्टर औषधाचं मिक्सचर द्यायचे आणि पेशंटला बाटली स्वतःची आणावी लागायची. म्हणजे मी अहवालात लिहिलेलं अगदीच खोटं राहणार नव्हतं. तपकिरी फिनेलवाल्यांकडे.

"आणि चपट्या?"

"जिथून आल्या तिथंच जाणार. भरून परत तुमच्याकडे येतील," तो म्हणाला आणि मान वर न करता निवडत राहिला.

मी मावशीकडे बघितलं. ती तराजूकडे बघत होती.

गोणीच्या तळाशी एक प्लॅस्टिकची बाटलीही निघाली. पांढरी, बारक्या गळ्याची, डोक्याच्या तेलाची असावी. घासताना बायकांना सगळ्यात जास्त अप्रूप तिचंच वाटलं होतं. ओसरीवरून दोनदा टाकून बघितली, फुटली नाही. भंगारवाल्याने ती बाजूला काढली. "ही एकटी घेऊन मी काय करू? प्लॅस्टिकच्या बाटल्या निघून निघून किती निघणार? गोणीभर जमवायच्या म्हटल्या तर तुम्ही म्हाताऱ्या व्हाल, बाई." मावशीने ती लगेच पिशवीत टाकली. वर्षानुवर्षं तिच्यात तिने गोडं तेल ठेवलं.

"प्लॅस्टिकच्या चपला असल्या तर मात्र आणा," म्हातारा म्हणाला. "फुटक्या, तुटक्या, एकेका पायाच्या, कशाही. बादल्या चालतील. वितळवून त्यांच्या परत चपला होतात."

मावशीने तिथल्या तिथे भाव ठरवून घेतला. मला काही सुचायच्या आत तिने सगळं बघून ठेवलं होतं. तालुकाभर माणसं खडी फोडत होती. प्रत्येकाच्या पायात प्लॅस्टिकची चप्पल, आणि खडीवर ती महिन्याच्या आत फाटायची. लोक तापलेल्या विळ्याने तिला डाग देऊन सांधायचे, तारेने बांधायचे आणि शेवटी फेकून द्यायचे. रस्त्याच्या कडेला मावशीचा धंदा विखरून पडला होता आणि तिला तो पहिल्यांदा दिसत होता.

बाटल्यांच्या पैशाचं काय करायचं यावर मंडळात दोन दिवस भांडण झालं. मला शिवणयंत्र हवं होतं, कारण यादीत शिवण होतं. बायकांनी माझं ऐकून घेतलं आणि ताडपत्री आणली. कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही लेकरं विहिरीच्या काठी उन्हात, दगडाच्या आडोशाला झोपवलेली असायची. कामावर पाळणाघर असावं असा सरकारी नियम होता, माझ्याकडे त्याचा कागदही होता. कागदाची सावली पडत नव्हती एवढंच. चार बांबूंवर ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली अकरा लेकरं ओळीने झोपली. खणवाल्या बाईची धाकटी त्यातच होती.

इकडे मावशीने चपलांचा सपाटा लावला. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एका वाटीवर फाटक्या चपलांचे चार जोड. सुटीच्या दिवशी ती आसपासच्या कामांवर पाटी घेऊन फिरायची. माल ठेवायला जागा नव्हती म्हणून तो माझ्या खोलीच्या दारात पडायला लागला. आणि अशाच एका दुपारी मुख्य सेविका अचानक तपासणीला आल्या. आत मंडळाची सभा चालू होती. म्हणजे मी, मावशी आणि दोन बायका. बाईंनी दाराबाहेर दोन-अडीचशे चपला बघितल्या. त्यांचा चेहरा उजळला. उन्हाने त्यांचं डोकं दुखत होतं, जीप थांबलेली होती, त्यामुळे त्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या, सभा मोडू नका." आणि भेटवहीत लिहून गेल्या, 'उपस्थिती अत्यंत समाधानकारक.'

मी त्यांना खरं सांगायला धावले नाही. परसबागांच्या वेळीही धावले नव्हते.

त्या शेऱ्यामुळे आमचं मंडळ तालुक्यात गाजलं. महिनाभरात निरोप आला की जिल्ह्याचे एक मोठे साहेब विहिरीचं काम आणि महिला मंडळ बघायला येत आहेत. सरपंच कामाला लागले. आतापर्यंत त्यांनी बाटल्यांचा विषय कधी काढला नव्हता. आता मात्र ते सगळ्यांना सांगायला लागले की टाकाऊतून पैसा उभा करायची कल्पना पहिल्यापासून त्यांचीच. कार्यक्रम विहिरीच्या काठीच ठेवला. सावलीची जागा तिथे एकच, ती ताडपत्री. तेव्हा साहेबांच्या खुर्च्या तिच्याखाली मांडल्या, आणि अकरा लेकरं उचलून परत दगडांच्या आडोशाला ठेवली. मी 'अहो, पण' एवढं म्हणाले. सरपंच म्हणाले, "बाई, अर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय."

साहेब दीड तास उशिरा आले.

सरपंचांनी भाषण केलं. दारूबंदीची शपथ, गावाची एकी, स्त्रीशक्ती. साहेबांनी भाषण केलं. मग साहेबांना वाटलं, एखाद्या भगिनीनेही दोन शब्द बोलावेत. सरपंचांनी हसून पाटलीणबाईंकडे हात केला. त्यांचा हिशोब सरळ होता. त्या कधी बोलत नसत. उठतील, नमस्कार करतील, बसतील.

पाटलीणबाई उठल्या. नमस्कार केला. पण बसल्या नाहीत.

"मला काय बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "हिरीतनं बाटल्या निघाल्या. आमचे मालक म्हनले औषदाच्या हायेत. ते खोटं कशाला बोलतील? आमच्या घरचं आजारपन लई जुनं हाय. रोज घ्यावं लागतं औषद."

साहेब सहानुभूतीने मान हलवत होते. त्यांना वाटलं असावं, दमा वगैरे असेल. मागे बाप्यांच्या घोळक्यात कुणाच्या तरी घशात हसू अडकलं आणि त्याचा खोकला झाला. मग दुसऱ्याला खोकला आला, तिसऱ्याला आला. सरपंच खाली बघून धोतराचा सोगा नीट करत होते. त्यांच्या कानशिलांचा रंग मला अजून आठवतो.

"आजारी लई जन हायेत," खोकल्याच्या दिशेने बघत पाटलीणबाई म्हणाल्या. "बायकांनी राखंनं घासल्या समद्या बाटल्या. त्येची ही ताडपत्री. आता सायबांचं झालं असंल तर लेकरं सावलीत घ्या. मघापासनं रडत्यात."

आणि कोणाची वाट न बघता त्या दगडांकडे गेल्या, एक लेकरू उचललं, ताडपत्रीखाली आणलं. मग बाकीच्या बायका गेल्या. साहेबांना खुर्ची मागे घ्यावी लागली, मग आणखी मागे, मग ते उन्हात उभे राहून चहा प्यायले. जाताना म्हणाले, "फार जिव्हाळ्याचा कार्यक्रम झाला." मंडळाला नंतर प्रशस्तिपत्र आलं. आरोग्य आणि स्वच्छतेच्या कामासाठी.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. विहीर भरली. त्यानंतर त्या विहिरीत कोणी बाटली टाकली नाही, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्या बाटल्या आता मावशीच्या दारात यायला लागल्या होत्या. भर दुपारी, गाव जेवून लवंडलं की एकेक बाप्या पिशवी घेऊन यायचा, 'रानात सापडल्या' म्हणायचा आणि चार आणे मोजून घ्यायचा. मावशी त्यातला ठरलेला वाटा मंडळाला द्यायची. मंडळाची शिल्लक दर तिमाहीला वाढत होती. मुख्य सेविका खूश होत्या. मी तक्ता भरायची आणि आकडा जितका मोठा तितका मला जास्त त्रास व्हायचा.

एकदा मी मावशीला बोलून दाखवलं. "आपल्या मंडळाला जेवढे जास्त पैसे, तेवढी गावात जास्त दारू. हे काय काम झालं?"

ती चपलांचे पट्टे कापून वेगळे करत होती. "आदी बी पीतच हुते की, बाई. तवा तुमी निवांत झोपत हुता. आता मोजून कळतंय म्हनून झोप न्हाई." पुढचा पट्टा कापत म्हणाली, "मोजलंच न्हाई तर कमी हुईल असं वाटतंय का तुमाला?"

मी तिमाहीचा तक्ता पुढे ओढला आणि आकडा भरला.

खणवाल्या बाईच्या नवऱ्याने मात्र त्या उन्हाळ्यानंतर सोडली. का सोडली ते कोणालाच नीट कळलं नाही. ती त्याच्याशी भांडली नव्हती. तिने फक्त तो खणाचा तुकडा धुऊन त्याच्या सदऱ्याला, फाटलेल्या कोपरावर, ठिगळ म्हणून लावला आणि सदरा खुंटीला अडकवला. त्याच्याकडे दुसरा सदरा नव्हता. ते ठिगळ घेऊन तो वर्षभर गावात फिरला. सासूशी तिचं बोलणं सुरू झालं ते एवढं की मंडळाच्या सभेत दोघींना गप्प करावं लागायचं.

सरपंच सरपंचच राहिले. त्यांचं औषध चालू राहिलं की थांबलं, ते मी विचारलं नाही. पण गावात आता कोणी शिंकलं तरी लोक एकमेकांना 'सरपंचांचं औषध घे' म्हणायचे आणि सरपंच ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग एक गंमत झाली. नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीत एका बाईला सभासद घ्यायचं होतं. भाषणामुळे पाटलीणबाईंचं नाव आपोआप पुढे आलं. सरपंचांना नाही म्हणता येईना, आणि मग त्यांनाच ते सोयीचंही वाटलं. घरातलीच सही, घरीच घेता येईल. ठरावाचं पुस्तक शिपायाबरोबर वाड्यावर जायचं, अंगठा उठवून परत यायचं, अशी आसपासच्या गावांत पद्धत होतीच.

सरपंचांना एक माहीत नव्हतं. बाटल्या घासल्या त्या आठवड्यापासून पाटलीणबाई दुपारी माझ्या खोलीवर येत होत्या. पाटी-पेन्सिल घेऊन. आधी सही शिकल्या, मग बाराखडी, मग जोडाक्षरांपाशी अडल्या. 'ठराव' हा शब्द त्यांना वाचता यायचा, त्याच्यापुढचा मजकूर अजून जड जायचा.

पहिल्यांदा पुस्तक घरी आलं तेव्हा त्यांनी शिपायाला सांगितलं, "पुस्तक परत ने. मी तिकडंच येते." आणि डोक्यावरून पदर घेऊन त्या ग्रामपंचायतीच्या खोलीत आल्या. मीही त्या दिवशी कसला तरी दाखला घ्यायला तिथे गेले होते. आत सगळे बाप्ये. उठून उभं राहावं की बसून राहावं हे सरपंचांना ठरवता येईना. कोणीतरी पेन पुढे केलं आणि बोटाने जागा दाखवली, "हितं, वयनी."

पाटलीणबाईंनी पेन घेतलं, पण सही केली नाही.

"आदी वाचा," त्या म्हणाल्या.

"साधाच ठराव हाय. कंदिलाच्या रॉकेलचा."

"असूं दे. वाचा."

पंचायतीचं दप्तर सांभाळणाऱ्या ग्रामसेवकाने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. तीन ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, "सावकाश. मला जोडाक्षरं अजून यायची हायेत." त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्या दिवशी पुस्तकात एकूण नऊ ठराव होते. मी दाखला न घेताच निघाले, कारण दुपार होऊन गेली तरी त्यांचा चौथाच चालला होता.